'ती' कुठून आली?

मराठीच्या तासाला नामाचे लिंग ओळखायला शिकवताना आपण सगळेच एक सोपी युक्ती सांगतो. शब्दाच्या आधी 'तो', 'ती', 'ते' लावून पाहा. जे कानाला बरोबर वाटेल ते त्या शब्दाचे लिंग. तो दगड, ती खाट, ते पुस्तक. मुले भराभर उत्तरे देतात. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "पण खाट 'ती' का?" या प्रश्नाला बहुधा 'भाषेत तसे रूढ आहे' एवढेच उत्तर मिळते. ते चुकीचे नाही. पण ते रूढ कसे झाले आणि केव्हा झाले, याचा शोध भाषाशास्त्रज्ञ सुमारे दोनशे वर्षे घेत आले आहेत.

या शोधातून पुढे आलेली गोष्ट आपल्या नेहमीच्या समजुतीला धक्का देणारी आहे. ज्या भाषाकुळात मराठी मोडते, त्या कुळाच्या अगदी जुन्या अवस्थेत 'ती' नव्हतीच, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. स्त्री आणि पुरुष या दोघांसाठी एक सर्वनाम होते आणि निर्जीव वस्तूंसाठी दुसरे. 'ती' नंतर घडली. ती कशातून घडली हे समजले, की खाटेचे कोडेही बरेचसे सुटते.

एका कुळाचे सर्वनाम

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी एक व्याख्यान दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतले साम्य योगायोगाचे असू शकत नाही, त्या कुठल्यातरी एकाच, कदाचित आता लुप्त झालेल्या भाषेतून निघाल्या असाव्यात, असे त्यांनी त्यात म्हटले. पुढे १८१६ साली फ्रान्झ बोप यांनी या भाषांतल्या क्रियापदांच्या रूपांची पद्धतशीर तुलना केली आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला. या कुळाला भारत-युरोपीय कुळ म्हणतात. मराठी, हिंदी, बंगाली, फारसी, रशियन, ग्रीक, जर्मन, इंग्रजी, फ्रेंच या सगळ्या या कुळातल्या भाषा.

या भाषांच्या जुन्या रूपांतले दर्शक सर्वनाम शेजारी शेजारी मांडून पाहू. क्रम पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग असा आहे.

संस्कृत : सः, सा, तत्
ग्रीक : हो, हे, तो
गॉथिक : स, सो, थत
जुनी स्लाव्ह : तु, ता, तो

ग्रीकमध्ये शब्दाच्या आरंभीच्या 'स'चा 'ह' झाला, हे ठाऊक असले (संस्कृत 'सप्त', ग्रीक 'हेप्ता') की पहिल्या दोन ओळी जुळतात. गॉथिक ही जर्मन-इंग्रजीच्या शाखेतली जुनी भाषा. त्या शाखेत मूळच्या 'त'चा 'थ' झाला, जसे संस्कृत 'त्रि' आणि इंग्रजी 'थ्री'. म्हणजे तिसरी ओळही जुळली. स्लाव्ह भाषेने 'स' सोडून सगळीकडे 'त' लावला. मराठीनेही नेमके तेच केले आहे.

अशा नियमित जुळणीवरून मूळ भाषेतली रूपे साधारणपणे 'सो, सा, तोद्' अशी असावीत, असा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकात निघाला. त्यातून दुसराही एक निष्कर्ष सर्वांनी गृहीत धरला. तो असा, की तीन लिंगे पहिल्यापासून होतीच.

ग्रिम आणि ब्रुगमान

तीन लिंगे होती, तर का होती? परीकथांचे संग्राहक म्हणून आपल्याला ठाऊक असलेले याकोब ग्रिम हे मोठे व्याकरणकारही होते. त्यांचे उत्तर असे होते, की आदिमानवाने सगळ्या सृष्टीवर स्त्री-पुरुषभावाचा आरोप केला. जे मोठे, कणखर, कर्तबगार वाटले ते पुल्लिंगी. जे लहान, मृदू, सोसणारे वाटले ते स्त्रीलिंगी. हे उत्तर वाचायला काव्यमय आहे आणि त्याची सावली आजही अनेक व्याकरणांच्या पुस्तकांत दिसते. 'सुरा मोठा म्हणून पुल्लिंगी, सुरी लहान म्हणून स्त्रीलिंगी' असे आपणही शिकवतो.

१८८९ साली कार्ल ब्रुगमान यांनी याच्या उलट बाजूने विचार मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : 'आ' आणि 'ई' या प्रत्ययांना मुळात स्त्रीत्वाचा अर्थच नव्हता. ते भाववाचक आणि समूहवाचक नामांचे प्रत्यय होते. स्त्रीसाठी असलेल्या काही थोड्या शब्दांच्या शेवटी योगायोगाने हाच स्वर होता, म्हणून पुढे तो स्वर स्त्रीत्वाची खूण मानला गेला. म्हणजे कल्पनेने वस्तूला स्त्री ठरवले नाही; शब्दाच्या शेवटाने ठरवले. यावर बराच वाद झाला. त्या वेळी हातात असलेल्या भाषांवरून तो सुटण्यासारखा नव्हता. तरी काही खुणा त्या भाषांतही होत्या.

आईला प्रत्यय नाही

यातली एक खूण संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या रोजच्या वापरातली आहे. अज-अजा, देव-देवी अशा जोड्यांत स्त्रीलिंगी रूपाला 'आ' किंवा 'ई' लागतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी या प्रत्ययांचे प्रकरणच दिले आहे. पण त्याच प्रकरणात त्याने एक अपवादही नोंदवला आहे : 'स्वसृ' इत्यादी शब्दांना हे प्रत्यय लागत नाहीत. परंपरेने या गटात सात शब्द मोजले जातात. स्वसृ म्हणजे बहीण, मातृ म्हणजे आई, दुहितृ म्हणजे मुलगी, ननान्दृ म्हणजे नणंद, यातृ म्हणजे जाऊ, आणि तीन व चार या संख्यांची स्त्रीलिंगी रूपे तिसृ व चतसृ. मराठीतले 'नणंद' आणि 'जाऊ' हे शब्द याच ननान्दृ आणि यातृपासून आले आहेत.

आता असे पाहा. भाषेत स्त्रीत्व दाखवणारा प्रत्यय पहिल्यापासून असता, तर तो सर्वांत आधी आई, बहीण आणि लेक यांना लागायला हवा होता. पण हे शब्द तर 'पितृ' आणि 'भ्रातृ' यांच्याच साच्यातले आहेत. माता-पिता, मातरम्-पितरम्, मात्रा-पित्रा. द्वितीयेचे अनेकवचन (मातॄः, पितॄन्) सोडले तर दोन्ही रूपावल्या सारख्याच चालतात. लॅटिन आणि ग्रीकमध्येही आई आणि बाप एकाच साच्यातले आहेत. घरातले सर्वांत जुने शब्द प्रत्ययाला ओळखत नाहीत, याचा सरळ अर्थ प्रत्यय त्यांच्यापेक्षा तरुण आहे.

दुसरी खूण रूपावलीत आहे. 'तद्' सर्वनाम फळ्यावर तिन्ही लिंगांत लिहून पाहा. पुल्लिंग आणि नपुंसकलिंग यांची रूपे फक्त प्रथमा आणि द्वितीयेत वेगळी आहेत. तृतीयेपासून पुढे तेन, तस्मै, तस्मात्, तस्य, तस्मिन् ही रूपे दोघांची सामाईक आहेत. स्त्रीलिंगाची मात्र तया, तस्यै, तस्याः, तस्याम् अशी स्वतंत्र चूल आहे. तीन भावंडे एकाच वेळी जन्मली असावीत असे हे चित्र नाही. दोघांचे जुने घर आणि तिसऱ्याचे मागाहून बांधलेले, असे ते दिसते.

जुने दोन वर्ग कोणते, याचा अंदाज फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी बांधला : सजीव आणि निर्जीव. अग्नीसाठी या कुळात दोन जुने शब्द आहेत. संस्कृत 'अग्नि' आणि लॅटिन 'इग्निस' हे पुल्लिंगी; पण ग्रीक 'पूर', ज्याचा भाऊबंद इंग्रजी 'फायर', हा नपुंसकलिंगी. पाण्यासाठीही तसेच दोन. संस्कृत 'आपः' स्त्रीलिंगी, तर 'उदक' नपुंसकलिंगी. एकात अग्नी आणि पाणी या स्वतः काही करणाऱ्या शक्ती आहेत, तर दुसऱ्यात ते नुसते पदार्थ आहेत.

बोगाझ्कोयच्या मातीच्या पाट्या

इथवरचा सगळा तर्क होता. पुरावा जमिनीतून निघाला. तुर्कस्तानात अंकाराच्या पूर्वेला बोगाझ्कोय नावाचे गाव आहे. १९०६ साली ह्यूगो विंकलर यांनी तेथे उत्खनन सुरू केले आणि कीलाकार लिपीत कोरलेल्या मातीच्या हजारो पाट्या सापडू लागल्या. हे गाव म्हणजे हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा होती. लिपी वाचता येत होती, पण पाट्यांवरची एक भाषा कळत नव्हती.

१९१५ साली चेक अभ्यासक बेद्रिख ह्रोझनी यांनी ती उलगडली. एका वाक्यात भाकरीसाठीचे परिचित चिन्ह होते, 'खाणे' या अर्थाच्या संस्कृत 'अद्' धातूशी जुळणारे क्रियापद होते आणि पुढे 'वातर' असा शब्द होता. भाकरी आणि खाणे यांच्या सोबत 'वातर' म्हणजे दुसरे काय असणार? इंग्रजीतले 'वॉटर', संस्कृतातले 'उदक'. हित्ती ही भारत-युरोपीय भाषा निघाली. तिचे लेख इ.स.पू. सतराव्या ते बाराव्या शतकांतले आहेत. या कुळातल्या कोणत्याही भाषेचे एवढे जुने लिखित ग्रंथ दुसरे नाहीत.

आणि या सर्वांत जुन्या लिखित भाषेत स्त्रीलिंग नाही!

हित्तीत लिंगे दोनच आहेत. एक सजीवांचे, ज्याला सामान्यलिंग म्हणतात, आणि दुसरे नपुंसकलिंग. बाप म्हणजे 'अत्तस्', आई म्हणजे 'अन्नस्'. दोन्ही एकाच साच्यातले. चांगला बाप आणि चांगली आई या दोघांनाही 'अस्सुस्' हे एकच विशेषण. 'अपास्' म्हणजे तो किंवा ती, आणि 'अपात्' म्हणजे ते.

हित्ती लोकांना स्त्रीसाठी शब्दच नव्हते, असा याचा अर्थ नाही. 'हस्सुस्' म्हणजे राजा आणि 'हस्सुस्सरस्' म्हणजे राणी. 'इस्हास्' म्हणजे धनी आणि 'इस्हस्सरस्' म्हणजे मालकीण. हा 'सर' स्त्रीवाचक आहे, आणि संस्कृत 'स्वसृ', 'तिसृ', 'चतसृ' यांतला 'सृ' त्याचाच आप्त असावा असे अनेक अभ्यासक मानतात. पाणिनीच्या अपवादांच्या यादीतले शब्द असे थेट हत्तुशापर्यंत पोहोचतात. मुद्दा एवढाच, की राणीला वेगळे नाव होते, पण तिच्यासाठी वेगळे सर्वनाम किंवा विशेषणाचे वेगळे रूप नव्हते.

हरवली, की घडलीच नव्हती?

याचे दोन अर्थ लावता येतात. पहिला असा, की हित्तीतही स्त्रीलिंग होते, पण ते झिजून गेले. असे होऊ शकते. फारसीत ते झाले आहे. दुसरा असा, की हित्तीचे पूर्वज मूळ समाजापासून फार लवकर वेगळे झाले. तेव्हा 'ती' अजून घडलीच नव्हती. मागे राहिलेल्यांच्या भाषेत ती नंतर घडली, आणि मग त्यांच्यातून ग्रीक, संस्कृत, लॅटिन वगैरे शाखा फुटल्या. हित्तीची शाखा सर्वांत आधी फुटली, हे मत अमेरिकेतील एडगर स्टर्टेव्हन्ट यांनी १९२६ पासून आग्रहाने मांडले.

वाद पूर्ण मिटलेला नाही. हित्तीची बहीण असलेल्या लुवी भाषेत काही शब्दांत मध्येच येणारा एक 'इ' काहींना जुन्या स्त्रीलिंगाचा अवशेष वाटतो. पण तो पुरुषवाचक शब्दांतही येतो. एखादी व्यवस्था मोडते तेव्हा तिचे तुकडे इकडेतिकडे अडकून राहतात. हित्तीत तसे निःसंदिग्ध तुकडे मिळत नाहीत. त्यात आई-बहिणींच्या प्रत्ययहीन शब्दांची साक्ष मिळवली, म्हणजे दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो.

हा 'आ' कुणाचा?

'सा' या रूपात दोन भाग आहेत : सर्वनामाचा 'स' आणि पुढचा 'आ'. हाच 'आ' माला, सेना, अजा यांच्या शेवटी आहे. हा आला कुठून?

१८८९ सालीच योहानेस श्मिट यांनी एक चमत्कारिक साम्य दाखवून दिले होते. वेदांच्या भाषेत 'युग' म्हणजे जू, या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन 'युगा' असे होते. 'युगानि' हे रूप नंतर रूढ झाले. लॅटिनमध्ये 'युगुम'चे अनेकवचन 'युगा', ग्रीकमध्ये 'झुगोन'चे 'झुगा'. म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांचा शेवट एकच! लॅटिनमध्ये 'बोना' म्हणजे 'चांगली' आणि 'बोना' म्हणजेच 'चांगल्या गोष्टी'.

त्याहून चमत्कारिक गोष्ट ग्रीकमध्ये आहे. तेथे नपुंसकलिंगी नाम अनेकवचनी असले तरी क्रियापद एकवचनी येते. आपण 'फळे पिकली' न म्हणता 'फळे पिकले' म्हणावे, तसा हा प्रकार. हित्तीतही हाच नियम आहे. याचा उलगडा श्मिट यांनी असा केला, की ही रूपे मुळात अनेकवचने नव्हतीच; ती समूहवाचक एकवचने होती. मराठीत आंब्याची झाडे पुष्कळ, पण आमराई एक. 'आमराई मोहरली' असे आपण एकवचनात म्हणतो. तो जुना 'आ' अशीच राई करणारा प्रत्यय होता.

आणखी एक दुवा आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांनी अवघ्या २१ व्या वर्षी, १८७८ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असा तर्क केला होता, की मूळ भाषेतले अनेक दीर्घ स्वर हे ऱ्हस्व स्वर आणि त्यानंतरचा एक लुप्त झालेला वर्ण यांच्या संयोगाने झाले असावेत. १९२७ साली येझी कुरिलोविच यांनी दाखवले, की हित्तीतला 'ह' नेमका त्या लुप्त वर्णांच्या जागी येतो. स्त्रीलिंगाचा 'आ' आणि समूहाचा 'आ' यांच्या पोटात हा एकच वर्ण आहे. ती एकाच खाणीतली माती आहे.

समूहाचे स्त्रीलिंगी एकवचन होणे ही केवळ कल्पना नाही. इतिहासाच्या उजेडात तसे पुन्हा घडलेले आहे. लॅटिन 'फोलिया' म्हणजे पाने, हे नपुंसकलिंगी अनेकवचन. त्याचेच इटालियन 'फोल्या' आणि फ्रेंच 'फय' झाले. दोन्हींचा अर्थ 'पान', दोन्ही एकवचनी आणि दोन्ही स्त्रीलिंगी. पानात स्त्रीत्व कुठे आले? ते शब्दाच्या शेवटच्या 'आ'मध्ये होते.

समूहापासून स्त्रीपर्यंत

समूहवाचक आणि भाववाचक नामे बहुतेक भाषांत शेजारी शेजारी असतात. संस्कृतात समूह दाखवणारे 'जनता', 'सेना', 'सभा' हे शब्द आणि भाव दाखवणारा 'ता' प्रत्यय (समता, बंधुता) सगळे स्त्रीलिंगी आहेत, ते यामुळेच. पण भावापासून व्यक्तीपर्यंत कसे जायचे? उदाहरण आपल्या तोंडीच आहे. 'देवता' म्हणजे मुळात देवपण. पुढे तोच शब्द एकेका देवासाठी वापरला जाऊ लागला. आज आपण इंद्र 'ही देवता' म्हणतो, इंद्र पुरुष असूनही! 'व्यक्ती' म्हणजे मुळात व्यक्त होणे; आता तो माणूस झाला, पण भरघोस मिशांच्या गृहस्थांनाही 'ती व्यक्ती' म्हणावे लागते.

मूळ भाषेत असे 'आ'कारान्त शब्द होते आणि त्यांतले काही स्त्रियांनाच लागू पडणारे होते. 'बाई' या अर्थाचा जुना शब्द वेदांत 'ग्ना' असा आहे. ग्रीक 'गुने', स्लाव्ह 'झेना' आणि इंग्रजी 'क्वीन' ही त्याचीच भावंडे. दुसरा शब्द 'विधवा' : लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो'. हा शब्द जवळजवळ संपूर्ण कुळात आहे.

पण नुसत्या शब्दांनी लिंग तयार होत नाही. हित्तीत 'राणी' होती, तरी स्त्रीलिंग नव्हते. लिंग नामात नसते; ते नामाच्या सोबत्यांत, म्हणजे सर्वनामात, विशेषणात आणि क्रियापदात दिसते. म्हणून खरा टप्पा सर्वनामाचा. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे मार्तिने यांनी १९५६ साली मांडले, की 'ग्ना'सारख्या शब्दाच्या जोडीने येताना दर्शक सर्वनामाने त्याचा 'आ' उचलला. 'सो' होता, त्याच्या शेजारी 'सा' झाली. बोलणाऱ्यांना त्याची सोय होती. दोन माणसांबद्दल बोलताना, एक पुरुष आणि एक स्त्री असेल, तर 'सो' कोण आणि 'सा' कोण हे लगेच कळे.

एकदा 'सा' तयार झाल्यावर ती थांबली नाही. ज्या ज्या शब्दाच्या शेवटी 'आ' होता, त्या त्या शब्दाला ती लागू लागली. सेना, सभा, माला यांच्यात स्त्रीत्व असल्यामुळे नव्हे, तर त्यांचा शेवट तिच्या शेवटाशी जुळत होता म्हणून. 'खट्वा' या संस्कृत शब्दाला हा साचा लागला. 'खट्वा'ची 'खाट' झाली, शेवटचा 'आ' गळून गेला, पण त्याने दिलेले लिंग राहिले. चौकस मुलीला आपण आता उत्तर देऊ शकतो.

दुसऱ्या प्रत्ययाची, 'ई'ची, कथाही अशीच आहे. ऋग्वेदात 'रथी' हा शब्द रथ हाकणाऱ्या पुरुषासाठी येतो (नंतरचा 'रथिन्' वेगळा). त्यातला 'ई' म्हणजे 'च्याशी संबंधित'. 'वृकी' म्हणजे लांडगी, मुळात लांडग्याशी संबंधित अशी. संबंधाच्या अर्थाचा प्रत्यय स्त्रीच्या अर्थाला येऊन स्थिरावला.

पुढची वाटचाल

'ती' सगळीकडे टिकली नाही. फारसीत 'ऊ' म्हणजे तोही आणि तीही. बंगालीत 'से', हिंदीत 'वह' यांना लिंग नाही. हिंदीत ते क्रियापदावरून कळते. आर्मेनियन भाषा पाचव्या शतकात लिहिली जाऊ लागली तेव्हाच तिच्यात लिंगभेद उरलेला नव्हता. फारसी गझलेचा अनुवाद करणाऱ्याला प्रियकर की प्रेयसी हे पुष्कळदा स्वतःच ठरवावे लागते.

काही ठिकाणी 'ती' हरवता हरवता पुन्हा घडली. जुन्या इंग्रजीत 'हे' म्हणजे तो आणि 'हेओ' म्हणजे ती. उच्चार बदलत जाऊन दोन्ही सारखी ऐकू येऊ लागली. मग बाराव्या शतकाच्या मध्याला, पीटरबरो येथील बखरीत, 'शी'चे जुने रूप प्रथम दिसते. काहींच्या मते ते 'सेओ' या जुन्या दर्शक सर्वनामातून आले. तसे असेल तर इंग्रजीतली 'शी' आणि संस्कृतातली 'सा' नात्यातल्या ठरतात. इतरांच्या मते ते 'हेओ'चाच उच्चार बदलून झाले. चीनच्या तारिम खोऱ्यात सापडलेल्या तोखारी भाषेच्या 'अ' या प्रकाराने तर आणखी पुढची मजल मारली. तेथे पुरुषाचा 'मी' वेगळा आणि स्त्रीचा 'मी' वेगळा!

मराठीने 'तो, ती, ते' ही तिन्ही रूपे सांभाळली. अशी तीन रूपे असलेल्या आजच्या आर्य भाषा थोड्या; कोकणी ही त्यांतली दुसरी. पण आपली 'ती' म्हणजे 'सा' जशीच्या तशी नव्हे. 'सो' आणि 'सा' ही प्राकृतापर्यंत होती. बाकीची सगळी रूपे 'त'ची असल्याने पुढे 'त'च सगळीकडे पसरला. आणि शेवट तर उलटाच झाला. संस्कृत 'घोटक'चा 'घोडा' झाला, 'घोटिका'ची 'घोडी'. संस्कृतात 'आ' ही स्त्रीलिंगाची खूण होती, मराठीत घोडा, मळा, आंबा यांत ती पुल्लिंगाची झाली आणि स्त्रीलिंगाने 'ई' घेतली. कोकणीत तर मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि लहान मुलीसाठी 'तें' हे नपुंसकलिंगी सर्वनाम वापरतात.

कोणते निष्कर्ष काढू नयेत

येथे एक इशारा देणे आम्हांला आवश्यक वाटते. 'ती' नंतर घडली, म्हणजे त्या काळी स्त्रीला किंमत नव्हती, असा निष्कर्ष कोणी काढील. दुसरा कोणी म्हणेल, लिंगभेद नव्हता म्हणजे समता होती. दोन्ही चूक. हित्ती राणी पुदुहेपा हिची मुद्रा इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्याशी इ.स.पू. १२५९ च्या सुमारास झालेल्या तहाच्या रुप्याच्या पत्र्यावर नवऱ्याच्या मुद्रेबरोबर होती. तिच्या भाषेत तिला वेगळे सर्वनाम नव्हते, पण राज्यकारभारात तिचे स्थान मोठे होते. उलट, ज्या भाषांतून 'ती' नाहीशी झाली, त्या समाजांत स्त्रियांचे प्रश्न त्यामुळे सुटले असे दिसत नाही. व्याकरण समाजाचा आरसा आहे असे म्हणतात. पण या आरशात शेकडो वर्षांपूर्वीच्या, आणि तेव्हाही अर्धवट पडलेल्या प्रतिमा असतात.

ग्रिमसाहेबांची 'मोठे ते पुल्लिंगी, लहान ते स्त्रीलिंगी' ही समजूत मात्र आपण वर्गातून बाहेर काढायला हवी. सुरा-सुरी, गाडा-गाडी ही मराठीतली नंतरची सोय आहे. तो लिंगाचा मूळ अर्थ नव्हे. संस्कृतात 'हिम'पासून 'हिमानी' होते, ती म्हणजे बर्फाचा मोठा साठा. 'अरण्यानी' म्हणजे मोठे अरण्य. येथे स्त्रीलिंगाने वस्तू मोठी केली आहे. पत्नीसाठी संस्कृतात 'दार' पुल्लिंगी, 'भार्या' स्त्रीलिंगी आणि 'कलत्र' नपुंसकलिंगी आहे. पतंजलीनेही महाभाष्यात लिंगाची चर्चा करताना शरीराच्या खुणांवरून शब्दाचे लिंग ठरत नाही हे दाखवले आणि ते लोकांच्या वापरावर सोपवले. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या भाषाशास्त्राशी चांगला जुळतो.

वर्गात करण्यासारखे

मोठ्या वर्गांत यावर दोन-तीन तासिका रंगतात. पहिला उपक्रम : घरातल्या पन्नास निर्जीव वस्तूंची यादी करून त्यांची लिंगे लिहावीत आणि शब्दांच्या शेवटच्या स्वरानुसार गट पाडावेत. लिंग कशावर ठरते, वस्तूच्या गुणावर की शब्दाच्या शेवटावर, हे मुलांनाच काढू द्यावे. दुसरा : इंग्रजीतून नव्याने आलेले शब्द घ्यावेत. किटली, बस, टेबल, मोबाईल यांना लिंग कोणी दिले, आणि घरोघरी एकच दिले आहे का? तिसरा : हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड, उर्दू अशा वेगळ्या घरभाषेची मुले वर्गात असतील तर त्यांच्याकडून 'तो आला, ती आली, ते आले' ही वाक्ये त्यांच्या भाषेत घ्यावीत आणि फळ्यावर मांडावीत. लिंग कुठे सर्वनामात आहे, कुठे क्रियापदात आहे आणि कुठे मुळीच नाही, हे लगेच दिसेल.

शेवटचा उपक्रम शिक्षकांसाठी. 'तो, ती, ते लावून पाहा' ही आपली युक्ती पुन्हा नव्याने तपासावी. आपण ती केवळ परीक्षेपुरती सोय समजत आलो. पण वर पाहिल्याप्रमाणे लिंग जेथे प्रथम दिसू लागले असावे, ती जागा म्हणजे नामाशेजारचे हे छोटे सर्वनामच. मुलांना ती युक्ती सांगताना तिच्यामागचे कारणही दोन वाक्यांत सांगितले, तर 'भाषेत तसे रूढ आहे' एवढ्यावर थांबावे लागणार नाही.